एमेट स्कोगेनचा न झालेला गुण

बुधवारी सकाळी अकरा वाजून सव्वीस मिनिटांनी एमेट स्कोगेननं कॉलेज बास्केटबॉलच्या चार वर्षांतला आपला पहिला गुण मिळवला.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य वाचकांनी विसरून जावं. स्पर्धेच्या अधिकृत नोंदीत ते नाही, आणि नोंदीत नसलेलं झालं म्हणत फिरणाऱ्याची लोक काळजी करू लागतात. तेव्हा नीट पहिल्यापासून सांगतो.

स्पर्धेचं नाव ‘मॉर्टीज डबल क्रिस्पी हार्टलँड क्लासिक’. मॉर्टीजची तळलेल्या कोंबडीची सँडविचं हमरस्त्याच्या प्रत्येक फाट्यावर मिळतात, आणि जिथं फाटा नाही तिथं मॉर्टीज आल्यावर फाटा होतो. आठ कॉलेजांचे संघ ओमाहातल्या एका हॉटेलात जमले होते. सामने हॉटेलच्या बॉलरूममध्ये, म्हणजे नाचाच्या हॉलात. गालिच्यावर फळ्या अंथरून मैदान केलेलं आणि डोक्यावर झुंबरं लोंबत होती. झुंबराला चेंडू लागला तर तो बाहेर गेला असं धरावं, आणि झुंबराचा लोलक पडला तर खेळ थांबवून तो हॉटेलच्या माणसाच्या हाती द्यावा, असे दोन नियम खास छापून घेतले होते. तीन दिवसांत चार लोलक पडले. ते मात्र नियमानुसार, काटेकोरपणे परत गेले.

एमेटचा संघ पहिले दोन्ही सामने हरला होता, त्यामुळे तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या वाट्याला सातव्या-आठव्या क्रमांकाचा सामना आला. सातव्या संघाला काहीही मिळत नाही. आठव्यालाही तेवढंच मिळतं. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंगचा सण होता, जो तो घरी जायच्या घाईत होता, आणि प्रेक्षकांत एकसष्ट माणसं होती. त्यातली बरीचशी कुणाची ना कुणाची आई होती.

एमेट हॅल्व्हरचा. हॅल्व्हर म्हणजे नॉर्थ डकोटातलं एक धान्याचं कोठार, एक चर्च आणि आर्डिसचा कॅफे. उरलेलं गाव या तिघांच्या मधे वारा अडवायला आहे. एमेट कॉलेजच्या संघात निवडला गेला तेव्हा आर्डिसनं कॅफेबाहेरच्या फलकावर, जिथं एरवी ‘आज: सूप’ असतं, तिथं खाली एक ओळ लावली: ‘एमेट आजवर: ० गुण’. पुढं ते शून्य बदलायची वेळच आली नाही. चार हिवाळ्यांत अक्षरांचा काळा रंग उडून गेला. शून्य मात्र भिंतीच्या आडोशाला असल्यानं टवटवीत राहिलं. एमेटच्या वडिलांनी एकदा सहज सुचवलं की ओळच काढून टाकू या का. आर्डिस म्हणाली, त्यानं गुण केला आणि तो छापील निकालात आला की आकडा बदलीन. तोवर जे खरं आहे ते खरं आहे.

डिसेंबरात एमेट पदवीधर होणार होता. या स्पर्धेनंतर बाकावरची त्याची जागा एका नव्या पोराला द्यायची, हे कोच ड्रिस्कलनी त्याला येतानाच बसमध्ये सांगितलं होतं, चॉकलेट देता देता. एमेट म्हणाला, चालेल. म्हणजे गुण मिळवायचा तर तो इथंच, झुंबराखाली. नाही तर ते शून्य हॅल्व्हरमध्ये त्याच्यापेक्षा जास्त जगणार होतं.

सामना संपायला दोन मिनिटं राहिली तेव्हा त्यांचा संघ सदतीस गुणांनी मागं होता. फ्रीज उघडून शिळं काय उरलंय ते पाहावं तशी कोचनी बाकावरून नजर फिरवली आणि एमेटवर आणून ठेवली. “जा. काही मोडू नकोस,” ते म्हणाले.

एमेट मैदानात गेला. मिनिटभर तो लोकांच्या वाटेत येत राहिला. मग टेक्ससच्या संघातला एक धिप्पाड पोरगा दमून त्याच्या अंगावर पडला. पंचांनी तो फाउल ठरवला आणि एमेटला दोन फ्री थ्रो दिले. रेषेवर उभं राहायचं, समोर कुणी अडवायला नाही, एक चेंडू टाकला की एक गुण.

पहिला चेंडू रिंगला लागून बाहेर आला.

आणि बॉलरूम जागी झाली. कारण मॉर्टीजची योजना अशी होती की दुसऱ्या अर्ध्यात कुठल्याही खेळाडूचे लागोपाठ दोन फ्री थ्रो हुकले, तर ज्याच्या ज्याच्या फोनवर मॉर्टीजचं अ‍ॅप आहे त्या प्रत्येकाला त्या दिवशी एक सँडविच फुकट. हे बॉलरूममधल्या लोकांपुरतं नव्हतं, पाच राज्यांना लागू होतं. शेजारच्या हॉलमध्ये थडग्यांचे दगड घडवणाऱ्यांचं वार्षिक अधिवेशन चाललं होतं. त्यांना कसा सुगावा लागला देव जाणे, पण मधलं दार उघडून गळ्यात ओळखपत्रं घातलेली पन्नासेक गंभीर माणसं आत आली आणि हारीनं उभी राहिली. मग सगळ्यांनी मिळून सूर धरला, “हुकव, हुकव.”

एमेटची आई कॅरिन तेवढ्यात बाहेरून कॉफी घेऊन परत आली होती. उंच माणसांच्या मागून तिला रेषेवर कोण आहे ते दिसेना, पण फुकटचं सोडू नये हे कळायला तिला काही दिसायची गरज नव्हती. तिनंही सूर धरला. चार वर्षं नऊ-नऊ तास गाडी हाकत सामन्यांना येणाऱ्या आपल्या आईचा आवाज एमेटनं शंभरांत ओळखला.

दुसरा चेंडू हुकला.

एकशे अकरा फोन एकदम टुणकन वाजले. थडगेवाल्यांनी संयमानं टाळ्या वाजवल्या. आणि त्या गदारोळात पंचांची शिट्टी वाजली. चेंडू एमेटच्या हातून सुटायच्या आत टेक्ससच्या त्याच धिप्पाड पोरानं रेषेच्या आत पाय टाकला होता, आणि अशा वेळी हुकलेली फेक धरत नाहीत, ती पुन्हा घ्यायची असते. पंचांनी चेंडू परत एमेटच्या हातात दिला.

तिसऱ्यांदा कुणीच ओरडलं नाही. लोक सँडविच कुठून घ्यायचं ते शोधत होते. चेंडू रिंगच्या कडेवर बसला, विचार केला, गोल फिरला आणि आत पडला. फलकावर सत्तेचाळीसचे अठ्ठेचाळीस झाले. एमेटनं आईकडं पाहिलं. ती कॉफी सांडून घेत होती.

इथवर ठीक होतं. पण एमेट कपडे बदलून बाहेर आला तेव्हा दाराशी मकेना टॉलिव्हर उभी होती. मॉर्टीजची स्पर्धेची सगळी व्यवस्था तिच्याकडं. जॉर्जियाहून आलेली, हातात टॅब्लेट, तीन दिवस न झोपल्यासारखे डोळे. तिच्यासोबत नोंदवही लिहिणारे गृहस्थ होते, कोट चढवून तयार, त्यांचं विमान होतं.

मकेनानं जे सांगितलं ते थोडक्यात असं: चेंडू हुकताक्षणी तिनं बटण दाबलं होतं. पाच राज्यांत लोक रांगेत उभे होते, काही तर खाऊनही झाले होते. आता लागोपाठ दोन फेकी हुकल्याच नाहीत असं नोंदीत गेलं, तर ही सँडविचं विनाकारण वाटली गेली असं होतं. आणि मॉर्टीजच्या वकिलांच्या मते विनाकारण सँडविच वाटणं हे पाचपैकी तीन राज्यांत लॉटरी ठरतं. सँडविच परत घेता येत नाही. गुण परत घेता येतो. पंच विमानतळावर पोचले होते. त्यांनी फोनवर सांगितलं की शिट्टी आपलीच होती असं आपण शपथेवर सांगू शकत नाही, शेजारी अधिवेशन होतं, तिथली असू शकेल. दुरुस्तीचा कागद तयार होता. खेळाडूची हरकत नसल्यास, असं त्यात लिहिलेलं होतं.

“तर तुझा तो गुण काढला तर चालेल का?” मकेनानं विचारलं.

इथं हॅल्व्हरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. हॅल्व्हरमध्ये तुम्हाला कुणी कॉफी विचारली तर तुम्ही नको म्हणता. पुन्हा विचारतात, पुन्हा नको म्हणता. तिसऱ्यांदा विचारतात, तेव्हा तुम्ही म्हणता, बरं, अर्धा कप. सगळ्याच बाबतीत हेच. पहिली दोन उत्तरं शिष्टाचाराची, तिसरं खरं. मागं कोठाराचा जिना पडला आणि एमेटच्या वडिलांचा पाय खाली अडकला, तेव्हा अँब्युलन्स बोलवू का म्हणून शेजाऱ्यांनी तीनदा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदाच ते हो म्हणाले. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

म्हणून एमेट म्हणाला, “चालेल.” आणि दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत उभा राहिला.

“थँक्यू, किती गोड आहेस तू,” मकेना म्हणाली. जॉर्जियात एकदा विचारलं की विचारून होतं. तिनं कागदावर त्याची सही घेतली. सही करतानासुद्धा एमेटनं तिच्याकडं थोडं थांबून पाहिलं, तिला वाव मिळावा म्हणून. तिला वाटलं पेन चालत नाहीये. तिनं दुसरं पेन दिलं. नोंदवहीवाल्या गृहस्थांनी अठ्ठेचाळीसचे सत्तेचाळीस केले, बॅग उचलली आणि ते गेले. जाता जाता मकेनानं त्याच्या हातात एक सँडविच ठेवलं.

घरी जाताना एमेट आईबाबांच्या गाडीत होता. साउथ डकोटा अर्धं सरलं. मग कॅरिन म्हणाली, “मला दिसलं नव्हतं रे, तू होतास ते.”

“चालेल, आई.”

मैलभर गेल्यावर तिनं विचारलं, “खरंच?”

“हो गं, चालेल.”

आणखी एक गाव मागं पडलं. “नक्की?”

“नाही,” एमेट म्हणाला. कॅरिननं मान हलवली, आणि मग दोघांनाही जरा बरं वाटलं. सँडविच मधल्या कप्प्यात होतं. त्याला कुणी हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी तो आर्डिसच्या कॅफेत गेला. फलकावरचं शून्य उन्हात चमकत होतं. आर्डिस सत्तरीची, गल्ल्याच्या मागं उभी, समोर छापील निकाल. तिनं तो दोनदा वाचला होता. स्कोगेन, खेळलेली मिनिटं दोन, फ्री थ्रो दोनपैकी शून्य, गुण शून्य. तिनं कॉफी विचारली, तो नको म्हणाला. पुन्हा विचारली, नको. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो अर्धा कप म्हणाला आणि तिनं पूर्ण भरला.

मग त्यानं सगळं सांगितलं. पायाचं, शिट्टीचं, लॉटरीचं, थडगेवाल्यांचं. आर्डिस ऐकत होती, मधेच तिनं एका गिऱ्हाइकाची अंडी उलटली. सांगून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “तिनं किती वेळा विचारलं तुला?”

“एकदा.”

आर्डिसनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. कॅफेतले तीन शेतकरी खायचे थांबले.

“एकदा?”

“एकदाच. मी थांबलो होतो.”

“मग तुला अजून विचारलेलंच नाही,” आर्डिस म्हणाली. “विचारायला सुरुवात केलीय फक्त.”

शेतकऱ्यांनी यावर माना डोलावल्या. आकडा मात्र ती बदलायला तयार नव्हती, छापील ते छापील. पण प्रश्न अर्धवट राहिलाय तर तो पुरा करून घ्यायचा हक्क एमेटला आहे, यावर कॅफेचं एकमत झालं. आपल्याला कंटाळा आलाय, जाऊ दे, असं एमेट म्हणाला. अर्ज कर, असं आर्डिस म्हणाली. तो नको म्हणाला. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा तिनं कागदच समोर ठेवला, सुपाच्या यादीचा, पाठकोरा.

मॉर्टीजचा पत्ता शोधता शोधता दुपार झाली. स्पर्धेचं कार्यालय बुधवारीच बंद झालं होतं, मकेनाचा फोन लागत नव्हता, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर माणसांसाठी एकच पत्ता होता. तो सँडविचबद्दलच्या तक्रारींचा. एमेटनं त्याच पत्त्यावर लिहिलं. ते पत्र असं:

प्रति, तक्रार निवारण कक्ष (सँडविच).

विषय: अपुऱ्या वेळा विचारण्यात आलेल्या प्रश्नाबाबत.

महोदय,

अर्जदाराचा एक (१) गुण नोंदीतून काढण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधींनी अर्जदारास “चालेल का” असे विचारले व अर्जदाराने “चालेल” असे उत्तर दिले, हे मान्य आहे. सही अर्जदाराचीच आहे, पेने दोन्ही चालू होती. तथापि सदर प्रश्न एकदाच विचारण्यात आल्यामुळे अर्जदाराचे उत्तर अद्याप आलेले नाही, ही बाब आपल्या निदर्शनास आणण्यात येत आहे. प्रतिनिधींनी दिलेले सँडविच न खाता आर्डिस यांच्या शीतपेटीत ठेवले असून ते मागणी करताच परत करण्यात येईल. आपल्या प्रतिनिधींबद्दल अर्जदाराची वैयक्तिक तक्रार नाही, त्यांना झोपेची गरज आहे असे वाटते.

सबब विनंती की, तोच प्रश्न त्याच शब्दांत अर्जदारास आणखी दोन वेळा विचारण्यात यावा, व दोन्ही वेळांच्या मध्ये योग्य तेवढे थांबण्यात यावे.