पाठ केलेला पत्ता

मी फोन बोलतोय. हसू नका. माझी वायर कधीच कापली गेली आहे, तरी बोलतोय. नाही बोललो तर मनातलं मनातच राहील.

एका कचेरीत मी बारा वर्षं खणखणलो. मग मोबाइल आले आणि मी अडगळीत गेलो. मुलांना सुरक्षेचे धडे देणाऱ्या एका मंडळाच्या ताईंनी मला तिथून उचललं, पुसून वर्गातल्या टेबलावर ठेवलं. समोर चाळीस मुलं! म्हातारपणी भाव वधारला म्हणायचा.

धडा सोपा होता. घरात कुणी पडलं तर घाबरायचं नाही. रुग्णवाहिकेचा नंबर लावायचा, काय झालं ते सांगायचं, पत्ता सांगायचा. पण चाळीस मुलांचे चाळीस पत्ते! कुणाला गल्ली आठवेना, कुणाला घर नंबर. त्यात पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक करायचं होतं. ताईंनी तोड काढली, "सरावापुरता सगळ्यांनी मंडळाचाच पत्ता सांगा." मुलांनी तो तालासुरात पाठ केला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही फुशारलो.

सगळ्यांत घडाघडा म्हणायची ती चिमणी. सात वर्षांची, आवाज बारीक, म्हणून हे नाव. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची.

एका सकाळी वर्ग चालू असताना खाली भोंगा वाजला. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धापा टाकत वर आली.

"पेशंट कुठंय?"

"इथे कुणी आजारी नाही हो," ताई हसत म्हणाल्या.

"अहो, लहान मुलीचा फोन होता. आजोबा पडलेत, घरी दुसरं कुणी नाही म्हणाली. पत्ता हाच दिला, अगदी न अडखळता. आता फोन लावतोय तर उचलत नाही."

ताईंनी मुलांकडे पाहिलं. चिमणीची जागा रिकामी होती. तिचं घर कुठे, ते ताईंना माहीत नव्हतं. खरा पत्ता रजिस्टरात, रजिस्टर कपाटात, आणि किल्ली घेऊन शिपाई चहाला गेलेला.

रुग्णवाहिका घरी पोचेपर्यंत अर्धा तास गेला. आजोबाही गेले. वेळेत पोचली असती तर वाचले असते का, ते डॉक्टरांनाही सांगता येईना. पण मला तो अर्धा तास सलतो. त्या पोरीच्या तोंडून तो चुकीचा पत्ता मीच शंभरदा ऐकला होता, आणि तोही ऐटीत बसून.

आता ताई प्रत्येक मुलाला त्याच्या घराचा पत्ता विचारतात. मुलं अडखळतात, पाहुणे जांभया देतात. देऊ देत. तुमच्याही घरात लहान मूल असेल तर आजच विचारा. चुकलं तर रागावू नका, पुन्हा विचारा.

दोन महिन्यांनी चिमणी वर्गात आली. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "आजोबा पडलेत," ती म्हणाली आणि स्वतःच्या घराचा पत्ता सांगितला. गल्ली, घर नंबर, कोपऱ्यावरच्या शिंप्याची खूणसुद्धा.

"आता बरोबर सांगितला ना, ताई?"

वर्ग सुटला तरी चिमणी रिसीव्हर कानाला लावून उभीच होती. पलीकडून कुणीतरी "निघालो" म्हणेल, याची ती वाट बघत होती. आणि माझी वायर कापलेली आहे.