दुपाय्याचा बाप्तिस्मा

मी एक जुनी काठी आहे आणि मित्रांनो, छातीठोकपणे सांगते, एकतीस वर्षांत माझ्या बेचक्यातून सुटलेली एकही गोळी वाया गेलेली नाही. बरं, एक गेली. ती शेजारच्या येर्नेयच्या मधमाश्यांच्या पेटीतून आरपार गेली आणि येर्नेय आठवडाभर सुजलेल्या तोंडानं शिव्या देत हिंडला. पण तेव्हा लोवरो शिंकला होता. काठी शिंकत नाही. ती गोळी माझ्या माथी मारू नका.

लोवरो माझा मालक. त्याची मुलगी नेझा जन्मली त्या हिवाळ्यात त्यानं मला रानातून तोडून आणलं. वर बेचकं, खाली सरळसोट अंग. चुलीमागं वर्षभर वाळवलं, जवसाचं तेल चोळलं. तेव्हापासून काम एकच. त्यानं दगडावर बसायचं, मला दोन गुडघ्यांमध्ये रोवायचं, बेचक्यात बंदूक टेकवायची आणि श्वास धरायचा. पुढचं मी बघून घ्यायची.

माझं दुसरंही एक काम होतं. आमच्या स्लोव्हेनियातल्या डोंगरात कुणी पहिलं मोठं जनावर मारलं की त्या शिकाऱ्याचा बाप्तिस्मा होतो. त्याला जनावरावर पालथं घालतात आणि पाठीखाली तीन फटके देतात. आमच्या शिकारी मंडळात ते फटके देण्याचा मान माझा. नेझाचा नवरा सामो, त्यालाही मीच दिले. सगळे हसले, तो एकटा हसला नाही. त्या दिवसापासून माझ्याकडं तो सरपणाकडं बघावं तसा बघतो.

यंदा मंडळानं नियम काढला. सत्तरी गाठलेल्यानं शंभर मीटरवरून पाच गोळ्या मारायच्या. तीन तरी तळहाताएवढ्या गोलात लागल्या पाहिजेत. नाही लागल्या तर बंदूक मंडळाच्या कपाटात आणि माणूस हाक्याला, पोरांबरोबर डबे वाजवत जनावरं उठवायला. लोवरोला जानेवारीत सत्तर वर्षं पूर्ण झाली. त्याच महिन्यापासून त्याचा उजवा हात थरथरतो.

"डबा वाजवायला मी मेलो तरी जाणार नाही," लोवरो म्हणाला.

"मेल्यावर कोण बोलवतंय?" त्याची बायको तिल्का म्हणाली.

आणि अशा वेळी, जेवणाच्या टेबलावर, सामोनं डबी उघडली. आत बंदूक टेकवायचा, दोन पायांचा बायपॉड. काळा, चकचकीत, किडकिडीत. मी त्याला दुपाय्या म्हणते. त्याला नाव ठेवलंय हे त्यातल्या त्यात चांगलं समजा.

"बाबा, हे बंदुकीलाच बसतं. दोनशे ग्रॅम! हातात धरलंय हे कळतसुद्धा नाही."

"मग धरायचं कशाला?" लोवरो म्हणाला.

"हातात नाही हो, बंदुकीला! हे बटण दाबा फक्त."

लोवरोनं बटण दाबलं. दोन्ही पाय खाडकन सुटले, एकानं सुपाच्या वाडग्याला लाथ घातली आणि गरम शेवया लोवरोच्या मांडीवर आल्या. मित्रांनो, चाचणी इथंच संपायला हवी होती. पण नाही! नवं आहे ना! माझ्यावर एकतीस वर्षांत कुणी सूप सांडलेलं नाही, तरी मी जुनाट.

"बघितलंत? काय जोर आहे!" सामो म्हणाला.

"मग ही काठी मला दे," तिल्का शेवया पुसत म्हणाली. "घेवड्याच्या वाफ्यात एक कमी पडतेय."

घेवडा! मी अस्वलापासून दहा पावलांवर उभी राहिलेय आणि माझ्या अंगावर वेल चढवणार? परीक्षेच्या दिवशी सामोनं मला गाडीच्या डिकीत घातलं, घेवड्याच्या बियांच्या पिशवीशेजारी. लोवरो दुपाय्या मांडीवर घेऊन पुढं बसला. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मैदानात मंडळाचा अध्यक्ष विंको मिशा पिळत उभा होता. "नवं हत्यार? बाप्तिस्म्याशिवाय गोळी सुटायची नाही. धर्मबाप कोण?"

आमच्याकडं नवी बंदूक असो की सुरी, तिच्यावर दारू ओततात आणि एकजण तिचा धर्मबाप होतो. वस्तूनं माती खाल्ली की फटके त्यानं खायचे.

"मी!" सामो छाती काढून म्हणाला.

दारू तिल्काची, ब्लूबेरीची. तिल्का साखर मोजत नाही, ओतते. त्या दारूत चमचा उभा राहतो. विंकोनं अर्धी बाटली दुपाय्याच्या सांध्यासांध्यांत रिचवली, उरलेली स्वतः रिचवली. मग सगळे उन्हात तासभर गप्पा मारत बसले आणि पाक सुकला.

लोवरो आडवा झाला, बटण दाबलं. एक पाय उघडला. दुसरा चिकटून बसला.

"थोडं तिरकं आहे, बाबा, चालेल!"

पहिली गोळी शेजारच्या निशाणाच्या बरोबर मध्यभागी लागली. ते निशाण परीक्षेलाच आलेल्या येर्नेयचं होतं. त्यानं अजून बंदूक उचललीसुद्धा नव्हती. तो टोपी काढून सगळ्यांना नमस्कार करायला लागला.

दुसरीच्या वेळी सामोनं चिकटलेला पाय जोर लावून ओढला. तो सांध्यातून निसटून हातातच आला. ओरखडाही न उठता, सगळाच्या सगळा. तेवढ्यात लोवरो दचकला आणि गोळी आभाळात गेली.

"तीन राहिल्या," विंको म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तिन्ही लागल्या पाहिजेत, लोवरो."

सामोनं तो पाय मागच्या खिशात कोंबला आणि मान खाली घातली.

"माझी काठी कुठाय?" लोवरोनं विचारलं.

सगळे सामोकडं वळले.

"सामो, माझी काठी कुठाय?"

मला डिकीतून आणलं. बिया झटकल्या. लोवरोनं दगड शोधला, मला गुडघ्यांत रोवलं. मला तोंड असतं तर काय काय ऐकवलं असतं! पण त्याचा थरथरता हात माझ्या मानेवर आला आणि मला एवढंच कळलं, की हा घाबरलाय. मी जमिनीत पाय घट्ट केला.

तिसरी लागली. चौथी लागली. पाचवी गोलाच्या कडेला चाटून लागली. विंको निशाणापर्यंत चालत गेला, बोट घालून बघून आला आणि म्हणाला, "कपाट रिकामंच राहणार."

लोवरोनं मला गालाला लावलं. सगळ्यांसमोर.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणून मी हात जोडणार नाही, मला हात नाहीत. पण नव्याच्या नादात जुन्याला डिकीत घालाल, तर निदान गाडी फार लांब लावू नका.

मग धर्मबापाची पाळी आली. सामो ओंडक्यावर पालथा झाला.

"हळू हं, बाबा," तो म्हणाला.

"मी हळूच मारतो. काठीचं मी सांगू शकत नाही," लोवरो म्हणाला.

पहिला फटका डावीकडं बसला. दुसराही डावीकडं. तिसरा मी सगळा राग एकवटून उजवीकडं मारला. त्या खिशात दुपाय्याचा पाय होता. त्याला काही झालं नाही. मी मोडले.

माझा वरचा तुकडा घेवड्याला आखूड पडतो, म्हणून तिल्कानं वाटाण्याला लावलाय.