अन्शेल कातडीवाल्याची सही

माझे दाजी फायविश यांच्या घरात पाहुण्याला बसायला जागा नसे, पण चारशे वर्षांपूर्वीच्या रब्बींना, ज्यू धर्मगुरूंना, होती. जेरुसलेमच्या आमच्या गल्लीत जुने धर्मग्रंथ जमवणारे बरेच. दाजींना मात्र ग्रंथापेक्षा त्यावरच्या सह्यांचं वेड. ग्रंथ कोणत्या रब्बीच्या हातून कोणाच्या हाती गेला, हे ते पहिल्या पानावर बोट फिरवत सांगत.

एका हिवाळ्यात त्यांना हवा तो ग्रंथ मिळाला. कार्पेथियन डोंगरातल्या एका गावच्या थोर रब्बींची त्यावर सही होती. खाली दुसरी, जाड, वेडीवाकडी : 'अन्शेल, कातडी कमावणारा'. त्याची शाई वर फुटून रब्बींच्या शेवटच्या अक्षरात शिरली होती.

"हे नाव काढावं लागेल," दाजी म्हणाले.

माझी बहीण ब्रायना भाकरीचं पीठ मळत होती. "अहो, तोही माणूसच होता ना?"

"माणसं गल्लीत काय कमी आहेत? रब्बी एकच."

"मग रब्बींनाच विचारा, शेजार खुपतोय का म्हणून."

मी हसलो. दाजी हसले नाहीत. लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून, कापसाचा बोळा लावून ते दुपारभर बसले. अन्शेल निघाला. कागद तेवढा पांढुरका राहिला.

पुढच्या वसंतात, वल्हांडणाचा सण सरल्यावर, हैफाहून एक म्हातारा आला. नाव झेलिग. बंदरात हमाली करून पाठ वाकलेली, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. त्याच्या गावचा ग्रंथ इथे असल्याचं त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

"मी धार्मिक नाही, रेब फायविश," तो दारातच, आदराचं 'रेब' लावून म्हणाला. "ग्रंथ मला वाचताही यायचा नाही. पण रब्बी वारले तेव्हा त्यांच्या विधवेनं तो माझ्या बापाला दिला होता. रब्बींच्या आजारपणात बाप त्यांच्या घरी लाकडं फोडून द्यायचा. त्यानं त्यावर सही केली होती. अन्शेल. युद्धानंतर आमच्या घरातलं दुसरं काही उरलं नाही. फोटोही नाही. त्याचं अक्षर एकदा बघतो आणि जातो."

दाजींनी खोटं बोलावं असं मला वाटलं, हे कबूल करतो. ग्रंथ विकला म्हणायचं, संपलं. ब्रायना चहाचा पेला हातात घेऊन तशीच उभी होती.

दाजींनी कपाट उघडलं, ग्रंथ त्याच्यापुढे ठेवला. "इथं होती. मी पुसली."

"का?"

"रब्बींच्या सहीला लागत होती."

म्हाताऱ्यानं त्या पांढुरक्या जागेवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. दाजींनी घाईघाईनं कागद ओढला. "मला ती लक्षात आहे, थांबा. पहिलं अक्षर असं, मोठं. शेवटी शेपूट अशी खाली." त्यांनी हुबेहूब काढली, मी मूळ पाहिली होती.

झेलिगनं कागद उजेडाकडे धरला, मग परत दिला. "हे अक्षर तुमचं आहे," तो म्हणाला. ब्रायनाचा चहा घेतला, तिचे आभार मानले आणि गेला.

दाजींना जेवण जाईना. दोन आठवड्यांनी ते ग्रंथ कापडात बांधून हैफाला निघाले. मला सोबत नेलं. झेलिगची एकच खोली होती, बंदराच्या वर. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः खाटेवर बसला.

"हा तुमचा आहे," दाजी म्हणाले. "घ्या. आणि जमलं तर मला माफ करा."

"ग्रंथ मी कोणाला देऊन जाऊ? माझ्यामागे कोणी नाही."

"मग माफी तरी."

झेलिगनं खोलीभर नजर फिरवली. "तुम्हाला वाईट वाटतंय, ते दिसतंय मला. पण तुमचं वाईट वाटणं मी ठेवू कुठे? खोली बघताय ना केवढी आहे."

त्यात राग नव्हता. राग असता तर दाजींना सोपं गेलं असतं. झेलिगनं आम्हाला बस थांब्यापर्यंत सोडलं, उतारावर दाजींचा हातही धरला. बसमध्ये दाजी मांडीवर ग्रंथ घेऊन बसले. मी म्हटलं, "दाजी, द्या, मी धरतो." त्यांनी दिला नाही. जेरुसलेम येईपर्यंत त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.