ताल धरणारा पाय

नवी गाडी घेऊन चारच महिने झाले होते. तुमसरच्या रेल्वे फाटकाशी मी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. चाकांतून खरखर आवाज आला. बंद फाटकापलीकडून मालगाडी धडधडत जात होती. हँडब्रेक ओढून गाडी थांबवली, तेव्हा बोनेट दांडीला टेकलं होतं. शेजारी बायको, रत्ना, डोळे मिटून. एरवी सतत तिच्या तोंडात असलेलं विठ्ठलाचं नाव त्या वेळी काही निघालं नाही.

तुमसरच्या मिस्त्रीनं ब्रेक ताणून दिले. "ब्रेकचे लायनर घासून कागदावानी झाले, टेकचंदभाऊ. नागपूरले न्या, पण हळू."

नागपूरच्या शोरूममध्ये नवे लायनर बसले. मॅनेजर मात्र म्हणाला, "हे गॅरंटीत येत नाही. घासणं चालवणाऱ्यावर असतं."

"चाळीसच्या वर जात नाही मी! पैसे घ्या, पण गाडीत खोट होती असं लिहून द्या."

कागद मला हवाच होता. खोट गाडीची नसली, तर ती माझी होती. आणि रविवारी आमची भजनमंडळी घेऊन मोहाडीला कीर्तनाला जायचं होतं.

ईश्वर नावाचा फिटर म्हणाला, "चला काकाजी, एक चक्कर मारू."

तो शेजारी बसला, रत्ना मागं. मी गाडी रस्त्यावर काढली. धीर यावा म्हणून मी अभंग गुणगुणू लागलो. ईश्वर खाली वाकला.

"थांबवा. डावा पाय कुठं हाये तुमचा?"

"ब्रेकवर. भेव वाटते, म्हणून पहिल्या दिवसापासून तिथंच ठेवतो."

"पण तो ठोकून काहून राहिला?"

रत्ना हसली. "अरे बाबा, ताल धरून राहिले ते! कीर्तनात बसले की अस्साच हालते."

"मावशी, दर ठोक्याले लायनर घासते."

चार महिने मी देवाचं नाव घेत गाडीचे ब्रेक खात होतो, शेजारी हिला बसवून. कागद मी मागितला नाही.

परत निघालो, रत्ना पुन्हा शेजारी. डावा पाय क्लचमागं ओढून धरला होता. भंडाऱ्याचा पूल जवळ आला, उतार लागला. माझा घाम पाहून रत्नानं हळूच अभंग धरला. मला कळायच्या आत पाय ब्रेकवर चढला होता.

"गाऊ नको!" मी ओरडलो.

आयुष्यात पहिल्यांदा.

"अजी, देवाचं नाव घेऊन राहिले मी."

"मनात घे. माह्या पायाले आयकू येऊ देऊ नको."

मग वाकून तिनं माझा डावा गुडघा दोन्ही हातांनी घट्ट धरला. गिअर बदलायचा की मी म्हणायचो, "सोड." ती सोडायची. पाय क्लचवरून परत आला की पुन्हा धरायची. घरी, सिहोऱ्याला पोचेपर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही.