एलिजाकाकांच्या बोटांची जागा

हमरापुरात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करावी तर दिनानाथनेच. त्याने डोळे काढले की मूर्ती बघायला लागते, असं लोक म्हणत, आणि तोही कधी नाही म्हणाला नाही.

रोह्याचे एलिजाकाका दरवर्षी त्याच्याकडे यायचे. माणूस बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, मूर्तिपूजा त्यांच्या धर्मात बसत नाही. पण कंपनीतल्या त्यांच्या शिफ्टचा गणपती न्यायचा तो त्यांनीच, कारण गाडी त्यांच्याकडे होती. निळसर राखाडी हिलमन, विलायतेत घडलेली, चार दारांची. गाडीत बसण्याआधी काका दाराच्या चौकटीला दोन बोटं लावायचे आणि मग ती ओठांना. ज्यूंच्या घराच्या दारावर मेझुझा असतो, धर्मवचन ठेवलेली छोटी डबी, त्याला लावतात तशी. गाडीला मेझुझा नव्हता, काकांना सवय होती. पन्नास वर्षांत तिथला रंग झिजून पत्रा उघडा पडला होता.

शेवटच्या आजारात त्यांनी दिनानाथचा हात धरला. "भंगारात नको जाऊ देऊस रे तिला," एवढंच म्हणाले. दिनानाथने शब्द दिला. काका गेले, इस्रायलला असलेल्या त्यांच्या लेकीने, साराने, रोह्याचं घर विकलं, आणि गाडी टेम्पोत चढून दिनानाथच्या कारखान्यात मूर्तींच्या शेजारी येऊन बसली.

कुणी घेईना. भंगारवाला तेवढा दोनदा येऊन गेला. शेवटी जुन्या गाड्या जमवणारी पुण्याची ऋतुजा रविवारी बघायला यायला कबूल झाली. फोनवर तिने आधीच सांगितलं, की जुनी झाली म्हणून गाडीला मोल चढत नाही. हीच दोन दारांची, उघड्या टपाची असती तर लोक मागे लागले असते. लहानपणी ज्या गाडीचं चित्र भिंतीला चिकटवलं ती माणूस मोठेपणी शोधत फिरतो. ज्या गाडीत मागे बसून मावशीकडे गेला ती कुणी शोधत नाही. दिनानाथला हे काही पटलं नाही. त्याला तर मावशीकडे जायचंच आठवत होतं.

गाडी आहे तशीच दाखवा, असंही ती म्हणाली होती. पण पाहुणा काही करू नका म्हणतो म्हणून कुणी त्याला नुसत्या चहावर वाटेला लावतं का? शिवाय दिनानाथचा जन्म मूर्तीत गेलेला. कानाचा टवका उडालेला गणपती कुणी पाटावर बसवत नाही. खंडित ते खंडित. त्याने झिजलेल्या जागेवर लांबी भरली, कॉम्प्रेसर लावला आणि गुरुवारपर्यंत गाडी नवी कोरी केली. स्वतःच्या हातावर तो भलताच खूश होता.

शुक्रवारी सकाळी चौकटीवर दोन बोटांएवढा पत्रा उघडा होता. खाली ना रंगाचा कण, ना धूळ. कडा जुन्या झिजेसारख्या गुळगुळीत. दिनानाथने दमट हवेला दोष दिला आणि पुन्हा रंग दिला. शनिवारी सकाळी तेच. या वेळी मात्र त्याने घरात हाक मारली.

सरूने, त्याच्या बायकोने, लांबूनच पाहिलं. "त्यांची हात ठेवायची जागा हाय ती," ती म्हणाली. "तुमी बुजवलीत, मंग ते काय करतील?"

दिनानाथ घाबरला होता, पण शब्द दिला होता आणि पाहुणी उद्यावर आली होती. त्याने तिसऱ्यांदा रंग दिला आणि रिकाम्या सीटकडे बघून हात जोडले. "काका, आता पुरं. तुमच्याच गाडीचं भलं हाय. पुन्ना हात लावू नका."

रविवारी ऋतुजा दारातच थांबली. रंग कधी दिला, असं तिने हळूच विचारलं. मग सांगितलं, की अशा साध्या गाडीजवळ तिचा मूळचा रंग आणि मालकाच्या खुणा, एवढंच असतं. ते गेलं की उरतो तो पत्रा. दिनानाथने चाचरत बोटांच्या जागेची गोष्ट सांगितली.

"ती असती तर चार दारांची असूनही मी नेली असती," ऋतुजा म्हणाली. "हात कुणाचा, ते सांगता आलं असतं."

"हाय की," दिनानाथ घाईने म्हणाला. "रोज सकाळी येते." आणि तिला ओढतच चौकटीपाशी घेऊन गेला.

रंग अखंड होता. नखाएवढाही ओरखडा नव्हता. काका जन्मात कधी कुणाच्या शब्दाबाहेर गेले नव्हते.

ऋतुजा वाईट काही न बोलता निघून गेली. सोमवारी पहाटे उठून दिनानाथ गाडीपाशी गेला. "काका, चुकलं माझं. लावा हात," म्हणाला. मंगळवारीही म्हणाला. आठवडाभर म्हणत राहिला. गाडीत कुणी नव्हतं, हे त्याला आता पक्कं कळलं, आणि भीती होती तेच बरं होतं असं वाटून त्याला रडू फुटलं.

भंगारवाल्याला त्याने पुन्हा दारात उभं केलं नाही. रोज कामाला बसण्याआधी तो चौकटीला दोन बोटं लावतो आणि ती ओठांना टेकवतो. तिथला रंग अजून नवा आहे. काकांना पन्नास वर्षं लागली होती, आणि दिनानाथला त्रेसष्टावं चालू आहे.