लेकीच्या घरचं पाणी

ढेलडीने तिसऱ्यांदा बेट साफ केलं तेव्हा डॉक्टर दमयंती छेडा गुडघाभर चिखलात उभी होती आणि ढेलडी ही उंटीण तिच्याकडे बघत रवंथ करत होती. चोराच्या उलट्या बोंबा परवडल्या, निदान चोर काहीतरी बोलतो. ही सांडणी बोलत नव्हती, हलत नव्हती, लाजत तर मुळीच नव्हती. तिच्या ओठांतून तिवराचं एक पान लोंबत होतं. तेही तिने दमयंतीच्या डोळ्यांदेखत सावकाश आत घेतलं.

मोरडो बेटावर एके काळी तिवरांचं दाट रान होतं. मग एका मिठागरवाल्याने खाडीच्या तोंडाशी बांध घातला, भरतीचं पाणी आत यायचं थांबलं आणि रानाचं सरपण झालं. पश्चिमेच्या काठाची म्हातारी झाडं तेवढी तगली. पुढे बांध फुटला, पाणी परत आलं, पण झाडं काही पाण्याबरोबर पोहत येत नाहीत. ती आणायला दमयंतीला नेमलं होतं. समुद्राकाठची मेलेली रानं पुन्हा उभी करायची, हेच तिचं शिक्षण आणि हीच तिची नोकरी. येत्या माघात गांधीनगरचे साहेब पाहणीला येणार होते. रोपं उभी दिसली तर बेट कायमचं तिवरांचं. नाही दिसली तर मिठागरवाला अर्ज घेऊन दारात उभाच होता.

बाकीच्या मुलखातले उंट वाळूत चालतात. आमच्या खाडीतले पोहतात, आणि पोहून आलेल्याला भूक लागते. दमयंतीने काट्यांचं कुंपण घातलं, ते भरतीत वाहून गेलं. बुजगावणं उभं केलं, तर ढेलडीने त्याचा सदरा खाल्ला. सदरा नाववाल्या जुसबचा होता, त्यामुळे तो आठवडाभर दमयंतीशी घुश्शातच होता. शेवटी तिने रोपांवर मिरचीचं पाणी शिंपडलं. त्या दिवशी ढेलडी रोजच्यापेक्षा चार घास जास्तच जेवली.

"बेन, तुम्ही आजवर उंटावरून शेळ्या हाकल्यात," जुसब म्हणाला. "आता खाली उतरा आणि उंटवाल्याला गाठा."

उंटवाला म्हणजे कारा रबारी. सगळा मुलूख त्याला काराबापा म्हणायचा. दमयंती गेली तेव्हा तो वेड्या बाभळीखाली बसून सांडणीच्या दुधाचा चहा उकळत होता. त्याने तिलाही बशीत ओतून दिला.

"काराबापा, तुमचे उंट आवरा."

"बेन, महादेवाने उंट केला आणि त्याला आवरायला रबारी केला. पण उंट दर्यात शिरल्यावर त्याला कोणी आवरायचं, ते ठरवायचं देवाच्या हातून राहून गेलं."

"रोपं माझी आहेत."

"तिवरं देवाची असतात."

"देवाची होती ती मेली. ही मी लावली आहेत."

यावर काराबापाने विषयच बदलला. कालच तो लेकीच्या, राजलच्या, सासरी जाऊन आला होता. दिवसभर उन्हात बसला आणि तसाच कोरड्या घशाने परतला.

"पाणीसुद्धा नाही प्यायलात?"

"लेकीला मूल होईतो तिच्या घरचं पाणी बापाला वर्ज्य. तुम्हा शहरवाल्यांना हे ठाऊक नसायचं."

"आणि तुमचे उंट? ते खातात तिच्या गावात?"

"माझे उंट म्हणजे मीच की. राजल दिली त्या दिवसापासून तिच्या शिवेत माझ्या एका जनावराने काडीला तोंड लावलं नाही. मी शीळ घातली की वळतात."

"म्हणजे आवरता येतात."

काराबापा चहावर फुंकर घालत बसला. चहा केव्हाच निवला होता.

दमयंतीच्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला. बाई मांडवीच्या वाण्यांची होती, सौदा कसा करायचा हे तिला कोणी शिकवावं लागत नव्हतं. "मग मला लेक माना," ती म्हणाली.

आमच्याकडे हे शब्द कोणी सहज बोलत नाही, आणि कोणी बोललं तर ते परतवत नाहीत. म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली. बराच वेळ तिच्या चिखलाने माखलेल्या पायांकडे बघितलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मानली. पण वर्ज्य असतं ते सासर. तुझं तर लग्न झालेलं नाही, असं जुसब सांगतो. तुझं सासर कुठलं?"

"मोरडो बेट. तिथेच दिवसभर राबते, तिथेच बोलणी खाते, आणि कौतुक कोणी करत नाही. सासर आणखी वेगळं काय असतं?"

काराबापा इतका हसला की त्याचं पागोटं सुटलं. हसणं थांबल्यावर मात्र तो गंभीर झाला, कारण लेक म्हटली की ती नीट द्यायला हवी.

ओहोटी बघून बेटाशी लग्न लागलं. पहिल्या ओळीतल्या पहिल्या रोपाला लाल दोरा बांधला, खाडीला नारळ दिला. रबारणींनी गाणी म्हटली आणि पाठवणीच्या वेळी काराबापाची बायको लाखूमा खरोखरच रडली. आपण नाटक करायला आलो आहोत एवढंच दमयंतीला ठाऊक होतं. लाखूमाने गळ्यात पडून "सुखी राहा गं" म्हटलं तेव्हा तिचेही डोळे भरून आले, आणि तिला स्वतःचाच राग आला.

ही बातमी मांडवीला पोचायला वेळ लागला नाही. आईचा फोन आला.

"वीस वर्षं आम्ही तुझ्यासाठी जमीनजुमलावाला नवरा शोधतोय," आई म्हणाली. "तू नुसती जमीनच केलीस? तीही अर्धा दिवस पाण्याखाली जाणारी?"

बेटावरून निघताना काराबापाने एक दोर दमयंतीच्या हातात दिला. दोराच्या दुसऱ्या टोकाला ढेलडी होती.

"हे काय?"

"लेकीला रिकाम्या हाताने पाठवायची रीत आमच्यात नाही. कळपातली सगळ्यात देखणी दिली."

"अहो, हीच तर सगळं खाते."

"आता तुझी आहे. तुझी सांडणी तुझ्या घरी खाणार. त्याला कोण काय म्हणणार?"

जुसब नावेत बसून हसत राहिला. नाव हलत होती आणि दमयंती चिखलात दोर धरून उभी होती. ढेलडीने नव्या मालकिणीला आपादमस्तक न्याहाळलं आणि तिच्या टोपीची कड चाखून बघितली.

पण काराबापा शब्दाचा पक्का निघाला. त्या दिवसापासून कळपाचं एकही जनावर खाडी ओलांडून आलं नाही. राहता राहिली ढेलडी. गूळ दाखवला की ती कुठेही येते, हे दमयंतीला लवकरच कळलं. मग रोज सकाळी खिशात गूळ घेऊन डॉक्टरबाई पुढे आणि सांडणी मागे, अशी वरात पश्चिमेच्या काठाला निघायची. मोठ्या झाडाला उंटाने ओरबाडलं तर ते आणखी फुटतं, हे दमयंतीने स्वतःच शिकून ठेवलेलं होतं. भीती फक्त पोरसवदा रोपांची होती. ती पूर्वेला होती, आणि पावसाळ्याआधीच त्यांनी चिखलात पाय रोवले.

वैशाखात काराबापा लेकीची खुशाली विचारायला आला. ऊन असं की चिखलाला भेगा पडल्या होत्या. म्हाताऱ्याचे ओठ सुकून पांढरे झाले होते. दमयंतीने सवयीने पाण्याची बाटली पुढे केली. काराबापाने बाटलीकडे बघितलं आणि मग समुद्राकडे.

"तहान नाही, पोरी."

"बापा, इथे बघतंय कोण?"

"मी बघतोय ना."

जुसबने नावेतलं मडकं दाखवलं. काराबापाने नावेचं नाक बेटाच्या चिखलात रुतलेलं पाहिलं आणि मान हलवली. नाव बेटाला टेकली आहे तोवर तीही लेकीच्याच घरात. खाडीच्या मध्यावर पोचल्यावर तो अख्खं मडकं प्यायला, असं जुसबने नंतर सांगितलं.

दमयंती काठावर उभी राहून बघत राहिली. पलीकडच्या तीरावर कळप वेड्या बाभळीच्या शेंगा चघळत होता. उंटांच्या पाठीवरची मदार खाली बसली होती, बरगड्या इथूनही दिसत होत्या. मिठागरं झाल्यापासून त्यांना चरायला मोरडोशिवाय जागाच उरली नव्हती, आणि मोरडो तिने एका चहाच्या बशीत काढून घेतलं होतं. तिला फार वाईट वाटलं. कायद्याने अडवलं असतं तर म्हातारा भांडला तरी असता. तिने मायेने त्याचे हात बांधले होते. "येऊ द्या उंटांना," असं तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं, कारण माघ अजून लांब होता.

माघ आला आणि त्याच्याबरोबर जोशीपुरासाहेब आले, पांढरे बूट घालून. कोणीतरी त्यांना बेट म्हणजे बाग असं सांगितलेलं असावं. पहिल्याच पावलाला डावा बूट चिखलात गेला तो गेलाच. तरी माणूस कामाचा होता. एका बुटाने ओळीमागून ओळ हिंडला. रोपं कमरेएवढी झाली होती. साहेबांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मिटत गेल्या. निम्म्या ओळी बघून व्हायच्या होत्या, तेवढ्यात ते थबकले.

"हा उंट कोणाचा?"

"माझा आहे, साहेब. माहेरून मिळाला."

साहेबांनी तिच्या आडनावाचा विचार केला, उंटाचा विचार केला, आणि दोन्हींचा मेळ बसेना. "बाहेरच्या जनावरांना इथे बंदी आहे ना?"

"बाहेरचं नाही. घरचं आहे."

ढेलडी आज गुळालाही बधत नव्हती. सकाळपासून ती लाल दोऱ्याच्या रोपाशेजारी ठाण मांडून बसली होती. आता तिने एक लांबलचक हंबरडा फोडला. साहेब दचकून मागे सरले आणि दुसरा बूटही गेला.

जुसब धावत आला, ढेलडीच्या मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "बेन, ही तर व्यायला लागली."

साहेबांनी जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. अनवाणी, छत्री उलटी धरून, ते ढेलडीला धीर देत राहिले, तेही शुद्ध सरकारी गुजरातीत. थोड्या वेळाने चिखलात एक ओलं पिल्लू पडलं. त्याला शरीरापेक्षा पायच जास्त होते. जुसबने तीराकडे तोंड करून हाक दिली, "बापा, झालं."

दमयंतीने मान वर केली. पलीकडे सगळा कळप पाण्याच्या कडेला उभा होता आणि पुढे काराबापा. तेव्हा कुठे तिला उमगलं. लेकीला मूल होईतो. म्हाताऱ्याने गाभण सांडणी दिली होती; तिचं पिल्लू म्हणजे लेकीच्या घरचंच मूल. लेक दिली ती मुदत घालूनच.

कळप पाण्यात उतरला. माना वर काढून एकामागून एक उंट पोहायला लागले.

"हे सगळे इकडेच येत आहेत का?" साहेबांनी विचारलं. आठ्या परतल्या होत्या.

एवढ्या तोंडांना पूर्वेच्या ओळी म्हणजे सकाळची न्याहारी. पण बेट जवळ आलं तशी काराबापाने शीळ घातली आणि कळप छातीभर पाण्यात थांबला. काराबापा त्यांच्या मध्ये उभा होता, पागोट्यातून पाणी गळत होतं.

"पोरी, नात की नातू?"

"नात. बापा, ही गाभण आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

"मी रबारी आहे. डॉक्टर तू." तो हसला, आणि मग हसायचा थांबला. "बोलावलंस तर येतो. लेकीने बोलावल्याशिवाय बाप कसा येणार? नाही म्हणालीस तर इथूनच आशीर्वाद देतो आणि जातो."

तो खरंच गेला असता. पुढचं वर्षभर शेंगा चारल्या असत्या. दमयंतीने साहेबांकडे पाहिलं, रोपांकडे पाहिलं आणि मग त्या उंटांच्या बसलेल्या पाठींकडे. तिच्या सौदेबाज वाणी डोक्याने आयुष्यात पहिल्यांदा हिशेब केला नाही.

"या बापा," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन या. पानं पश्चिमेला वाढली आहेत."

"आणि पूर्वेला?"

"स्वयंपाकघर आहे. तिथे पाहुण्यांनी शिरायचं नसतं."

"खरंय," काराबापा म्हणाला. त्याने दुसरी शीळ घातली. कळप वळला, रोपांच्या ओळींना लागूनच चिखलातून वर चढला आणि पश्चिमेच्या म्हाताऱ्या झाडांकडे निघून गेला. एका तरण्या उंटाने जाता जाता पूर्वेकडे मान वळवली, तर त्याच्याच आईने त्याला ढुशी दिली.

साहेब तोंड उघडं ठेवून बघत होते. "एका रोपाला तोंड लावलं नाही," ते म्हणाले. "कुंपण कुठलं घातलंय तुम्ही?"

"सासरचं आहे, साहेब."

साहेबांनी उरलेल्या ओळी बघितल्या, बेट तिवरांचंच राहील असं स्पष्ट सांगितलं आणि अनवाणीच नावेत जाऊन बसले. तेवढ्यात ढेलडीने मान लांब केली आणि लग्नातलं ते पहिलं रोप लाल दोऱ्यासकट खाल्लं. बाळंतिणीला कोण बोलणार.

काराबापा नातीजवळ चिखलात बसला. तिच्या कपाळावरून हात फिरवला, कान तपासले, दात बघितले. मग मान वर न करताच म्हणाला, "लेकी, पाणी दे."

दमयंतीने बाटली दिली. पाणी कोमट होतं, नळाचं होतं, त्याला प्लास्टिकचा वास येत होता. म्हातारा एका दमात सगळं प्यायला, शेवटचा थेंब जिभेवर झटकला आणि डोळे मिटून बसून राहिला. दमयंती तोंड फिरवून समुद्राकडे बघत उभी राहिली, कारण तिला रडू आवरेना.

"तुझ्या आईला फोन लाव," काराबापा चिखलावर थाप मारत म्हणाला. "सांग, जावई मुका आहे, पण पोटभर जेवू घालतो."