ठमीच्या ओठांभोवतीचे चट्टे

मी वायरमन. बिघाड शोधताना एका वेळी एकच वायर सोडवायची, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. सात महिन्यांच्या ठमीला वरचं अन्न सुरू केलं तेव्हा तेच मी घरात लागू केलं. तीन दिवस फक्त गाजर, मग तीन दिवस फक्त बटाटा. सगळं घरी शिजवून गाळणीतून काढलेलं. फ्रिजवर तक्ता लावला. पोरीपेक्षा त्या तक्त्याचंच मला जास्त कौतुक.

बटाट्याच्या दुसऱ्या संध्याकाळी, सगळे टेबलाशी जेवायला बसलो असताना, तिच्या ओठांभोवती लाल चट्टे उठले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बटाट्याने असं क्वचितच होतं, आणखी काय तोंडात गेलं ते शोधा.

दिवसभर ठमी आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंकडे असायची. आता संशय दुसऱ्या कोणावर घेणार?

"आई, तुम्ही हिला काही चाटवलंत का?"

"नाही हो."

"आठवून बघा. अंडं, दाणे, काहीही."

"नाही म्हटलं ना."

मी तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्यांदा विचारताना माझा आवाज चढला. सकाळी त्या पिशवी भरून आपल्या घरी निघून गेल्या आणि बायकोने रजा टाकली.

एक वायर सोडवली होती, बिघाड थांबायला हवा होता. संध्याकाळी चट्टे पुन्हा हजर. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. पातेलं बदललं, चमचा उकळला, लाळेरं दोनदा धुतलं. दुपारी त्याच वाडग्यातला बटाटा ठमीने बायकोच्या हातून निमूट खाल्ला होता, तेव्हा काही झालं नव्हतं. दुपारचा बटाटा गुणी आणि संध्याकाळचा वाईट, हे काय गौडबंगाल?

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, हात धुतले, भरवायला बसलो. घास गरम नाही ना, म्हणून रोजच्यासारखा चमचा आधी माझ्या ओठांना लावला. बायको बघत होती.

"येताना काय खाल्लंस?"

"काय खाणार? मूठभर खारे दाणे. परवापासून रोज तेच."

बोलता बोलता माझा हात थांबला. दाढेत अजून दाण्याचा तुकडा होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि चोर तक्ता लिहीत बसला होता.

सासूबाईंना लगेच फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, पण त्यांनीच सुरुवात केली.

"बरं झालं फोन केलात. कालपासून आठवतेय मी. मला वाटतं, दिलं असेल हो मी काहीतरी. या वयात लक्षात राहत नाही. त्या दिवशी अंडं सोललं होतं, नंतर हात धुतले की नाही, तेही आता सांगता येत नाही. पोरीला माझ्याजवळ ठेवू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, तुम्ही काही दिलं नव्हतं. माझ्याच तोंडातले दाणे होते ते."



"नक्की?"

"नक्की."

"मग अंडं सोलल्यावर मी हात धुतले होते?"